शेकडा किती, आणि कशाचा?



२०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्र सरकारने जे हमीभाव जाहीर केले, त्यांतले दोन आकडे आधी समोर ठेवतो. मध्यम धाग्याच्या कापसाचा भाव क्विंटलला ७१२१ रुपयांवरून ७७१० झाला, म्हणजे ५८९ रुपयांनी वाढला. सोयाबीनचा ४८९२ वरून ५३२८ झाला, म्हणजे ४३६ रुपयांनी वाढला. मग कोणत्या पिकाचा भाव जास्त वाढला? रुपये मोजले तर कापसाचा. शेकड्याने मोजले तर सोयाबीनचा, कारण कापसाची वाढ ८.२७ टक्के होते आणि सोयाबीनची ८.९१. आणखी एक पाहा. लांब धाग्याच्या कापसालाही नेमके तेवढेच ५८९ रुपये वाढवून मिळाले, ७५२१ वरून ८११०. पण शेकड्यात ही वाढ ७.८३ च भरते. रुपये तेच, पीक तेच, आणि टक्के वेगळे. यात कुणी कुणाला फसवलेले नाही. दोन प्रश्न वेगळे आहेत, म्हणून दोन उत्तरे वेगळी आहेत. पण आपल्या शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी किती जणांना हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे स्वच्छ दिसते? माझे म्हणणे असे आहे की फार थोड्यांना दिसते, आणि दोष मुलांच्या बुद्धीचा नाही. आपण टक्केवारीतला बदल बेरीज-वजाबाकीचा विषय म्हणून शिकवतो, आणि तो मुळात गुणाकाराचा विषय आहे. चलन नावाच्या ज्या धड्याशी त्याचे रक्ताचे नाते आहे, त्याच्यापासून आपण त्याला तोडून ठेवले आहे.

बालभारतीचे २०१८ साली आलेले आठवीचे गणिताचे पुस्तक उघडून पाहा. सातवे प्रकरण चलनाचे आहे. समचलन, व्यस्त चलन, चलनाचा स्थिरांक के, सगळे नीट मांडलेले. नववे प्रकरण सूट व कमिशनचे. चौदावे चक्रवाढ व्याजाचे. तिन्ही प्रकरणे एकेकटी चांगली आहेत, आणि पुस्तकावर टीका करायला मी उभा नाही. पण वर्गात काय घडते? सातवे प्रकरण ऑगस्ट-सप्टेंबरात संपते, चौदावे जानेवारीत येते, आणि मधल्या काळात मुलाच्या मनात ती तीन वेगवेगळ्या गावांची नावे होऊन बसतात. चलन म्हणजे ‘के काढा’. सूट म्हणजे ‘छापील किमतीतून वजा करा’. चक्रवाढ व्याज म्हणजे पाठ केलेले सूत्र. या तिघांत एकच क्रिया चालली आहे, एका राशीला एका संख्येने गुणून दुसरी राशी मिळते आहे, हे सांगायला तास उरत नाही. सूट वीस टक्के असेल तर किंमत ०.८० पट होते. व्याज दहा टक्के असेल तर मुद्दल १.१० पट होते. या ०.८० ला आणि १.१० ला मी ‘गुणक’ म्हणेन, आणि आजच्या भाषणात हाच शब्द पुन्हा पुन्हा येईल.

गुणकाकडे वळण्याआधी पायाचा प्रश्न निकालात काढला पाहिजे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. टक्के कशाचे? हा प्रश्न न विचारता ऐकलेला टक्का हा अर्धवट ऐकलेला आकडा असतो. आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. जायकवाडीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यातून जातो, त्यामुळे पावसाळ्यात धरण किती टक्के भरले ही बातमी इथे घरोघर वाचली जाते. जायकवाडीची एकूण साठवण क्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर, आणि त्यांपैकी उपयुक्त साठा २१७१. उरलेले ७३८ दशलक्ष घनमीटर म्हणजे मृतसाठा. बातमीतला टक्का असतो तो उपयुक्त साठ्याचा. म्हणून ‘जायकवाडी शून्य टक्क्यांवर’ असे छापून येते तेव्हाही धरणात एकूण क्षमतेच्या चौथ्या हिश्शाइतके पाणी असते. ‘पन्नास टक्के’ छापून येते तेव्हा एकूण क्षमतेच्या तुलनेत ते जवळपास ६३ टक्के असते. उजनीचा आकडा तर २०२४ च्या उन्हाळ्यात वजा पन्नासच्याही खाली गेला होता. पाणी वजा कसे असेल, असा प्रश्न सातवीतल्या मुलाने विचारला तर तो अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर धरणाच्या भिंतीत नाही, पायाच्या निवडीत आहे. शून्य कुठे मानले आणि शंभर कुठे मानले, हे ठरल्याशिवाय टक्केवारी सुरूच होत नाही.

करांच्या बाबतीतही हेच. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. गावोगाव म्हटले गेले की ट्रॅक्टर सात टक्क्यांनी स्वस्त होणार. कर धरून शंभराची वस्तू आधी ११२ ला पडत होती, आता १०५ ला पडेल. म्हणजे ११२ वर ७ कमी, ६.२५ टक्के. साबण आणि टूथपेस्टवरचा कर १८ चा ५ झाला. तिथे ग्राहकाच्या खिशातली बचत १३ टक्क्यांची नाही, ११८ वर १३ म्हणजे ११ टक्क्यांची आहे. सहा लाखांच्या ट्रॅक्टरवर सात आणि सव्वासहा यांतला पाऊण टक्क्याचा फरक म्हणजे साडेचार हजार रुपये. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात ६.५० वरून ५.५० वर आला. आपण त्याला एका टक्क्याची कपात म्हणतो, आणि ते बरोबरही आहे, कारण तिथे शंभराच्या मापावरचे अंतर मोजलेले असते. पण तो दर स्वतः किती घटला असे विचारले तर उत्तर १५.४ टक्के येते. अंतर आणि प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्तमानपत्रे दोन्हींना ‘टक्के’ म्हणतात. तेव्हा भेद ओळखण्याचे काम वाचणाऱ्यावर येते.

आता गुणकाकडे. कापसाचा हमीभाव २०२३-२४ मध्ये ६६२० होता. पुढच्या वर्षी तो ७१२१ झाला, ७.५७ टक्के वाढ. त्यापुढे ७७१०, ८.२७ टक्के वाढ. दोन वर्षांत मिळून किती? बेरीज करणारा १५.८४ म्हणतो. खरे उत्तर १६.४७ आहे. बेरीज का चुकते? कारण दुसऱ्या वर्षाचे टक्के पहिल्या वर्षाच्या वाढलेल्या भावावर काढलेले आहेत, पाया बदललेला आहे. गुणक वापरला की हा सगळा खुलासा करावाच लागत नाही. पहिल्या वर्षाचा गुणक ७१२१ भागिले ६६२०. दुसऱ्याचा ७७१० भागिले ७१२१. दोन्ही एकमेकांना गुणा: वरचा ७१२१ आणि खालचा ७१२१ उडून जातात, उरते ७७१० भागिले ६६२०. दोन वर्षे असोत की दहा, मधले सगळे भाव असेच उडतात आणि पहिला व शेवटचा तेवढे उरतात. टक्के एकमेकांत मिसळायचे असतील तर गुणाकारानेच का मिसळायचे, याचे याहून स्वच्छ कारण मला माहीत नाही, आणि ते समजायला अपूर्णांकांच्या गुणाकारापलीकडे काहीही लागत नाही.

उलट दिशेनेही हीच गोष्ट. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १५,२७,७१५ होती आणि २०११ मध्ये १८,३६,०८६ झाली. दहा वर्षांत २०.१९ टक्के वाढ. मग दर वर्षी किती? दहाने भागून दोन टक्के म्हणणे सोपे आहे, पण दर वर्षी दोन टक्के वाढ झाली असती तर दहा वर्षांनी ती जवळपास २२ टक्के भरली असती. दरसालचा गुणक असा हवा की तो दहा वेळा स्वतःला गुणून १.२०१९ यावा, तो येतो १.०१८५ च्या आसपास. गावच्या सावकारीत ‘महिना शेकडा तीन’ हा दर ऐकताना छोटा वाटतो. सरळ व्याजाने तो वर्षाला छत्तीस होतो; व्याज मुद्दलात मिळवत गेले तर वर्षअखेर साडेबेचाळीसच्या वर जातो. ज्या मुलीला १.०३ हा गुणक बारा वेळा लावायचा असतो हे कळले, तिच्या घरी कर्जाचा कागद येईल तेव्हा ती कुठे बोट ठेवायचे ते ओळखेल.

इथे चलनाचा धडा कामाला येतो. दोन राशी समचलनात असतील, तर एकीचा गुणक तोच दुसरीचा गुणक. कापूस दीडपट विकला, पैसे दीडपट आले. एकीत ५० टक्के वाढ, दुसरीतही ५० टक्के. टक्केवारी जशीच्या तशी पलीकडे पोहोचते ती फक्त समचलनात. म्हणून टक्केवारी ही समचलनाची कसोटीसुद्धा आहे. घरातला विजेचा वापर वीस टक्क्यांनी वाढला तर बिल वीस टक्क्यांनीच वाढते का? नाही. बिलात स्थिर आकार आहे, आणि शंभर युनिटांपुढे दर बदलतो. दोन महिन्यांची बिले घ्या, वापराचा गुणक काढा, रकमेचा गुणक काढा, ते जुळत नाहीत म्हणजे इथे समचलन नाही, हे आठवीच्या मुलाने स्वतः सिद्ध केले. ‘के काढा’ या आज्ञेपेक्षा हे कितीतरी जिवंत गणित आहे.

व्यस्त चलनात गुणक उलटा होतो, आणि टक्के बदलतात. डीएपीची पन्नास किलोची बॅग २०२१ मध्ये १२०० रुपयांना होती, पुढच्या वर्षी ती १३५० झाली. साडेबारा टक्के वाढ. खतासाठी एखाद्या घराने १०,८०० रुपये बाजूला काढले असतील तर आधी नऊ बॅगा येत होत्या, आता आठ येतील. किंमत साडेबारा टक्क्यांनी वाढली, खत मात्र ११.११ टक्क्यांनी घटले. किमतीचा गुणक ९/८, खताचा गुणक ८/९. दोन्ही गुणले की एक. व्यस्त चलनाची सगळी व्याख्या या एका ओळीत आहे. मुले मात्र साडेबारा टक्के महाग म्हणजे साडेबारा टक्के कमी असे धरून चालतात, कारण वाढीची उलट क्रिया वजाबाकी आहे असे त्यांच्या मनात पक्के बसले आहे. गुणाकाराची उलट क्रिया भागाकार आहे, हे चौथीत शिकवलेले असते; ते टक्क्यांना लागू आहे हे कुणी सांगत नाही. दोन राशी एकदम बदलल्या तरी रीत तीच. सोयाबीनचा हमीभाव ८.९१ टक्क्यांनी वाढला आणि समजा एकरी उतारा दहा टक्क्यांनी घटला, तर हमीभावाने धरलेले उत्पन्न १.०८९१ गुणिले ०.९० म्हणजे ०.९८०२ पट. जवळपास दोन टक्के तोटा. वजाबाकी करणाऱ्याला तो एकच टक्का दिसेल.

आपण जमलो आहोत त्या वालूर गावात तर याहून पुढचे उदाहरण दारात आहे. इथल्या चक्राकार बारवेत पायऱ्या वळत वळत खाली उतरतात. पायऱ्यांच्या बारवेचा घेर वर मोठा आणि तळाकडे कमी असतो. अशा बारवेत पाण्याची पातळी निम्म्यावर आली, तर पाणी निम्मे राहिले का? नाही, निम्म्याहून कमी राहिले. बारव जर नेमक्या शंकूच्या आकाराची असती, तर निम्म्या खोलीला पाणी आठवा हिस्साच उरले असते, कारण खोली निम्मी, लांबी निम्मी, रुंदी निम्मी, ०.५ हा गुणक तीनदा लागला. खरी बारव शंकू नसते, त्यामुळे नेमका आकडा मोजूनच काढावा लागेल. मोजता येण्यासारखा तो आहे: दोरीला दर फुटावर गाठ मारायची, प्रत्येक टप्प्यावर घेर सुतळीने घ्यायचा, वहीत पातळी आणि घनफळ यांचे दोन स्तंभ करायचे. दिवाळीपासून मेपर्यंत महिन्यातून एकदा नोंद केली तर मुलांना दिसेल की सुरुवातीच्या एका फुटाची घट आणि तळाजवळच्या एका फुटाची घट यांत पाण्याच्या हिशेबाने केवढा फरक आहे. उन्हाळ्यात विहिरी ‘एकदम’ आटतात असे आपण म्हणतो, त्यामागे उपसा आणि ऊन ही कारणे आहेतच. पण खाली आवळत जाणाऱ्या साठ्यात हे गणितही आहे.

हे गुणकाचे शिक्षण आपल्याला नवे नाही, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. जुन्या मराठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत. हे पाढे म्हणजे दुसरे काय होते? सवायकी हा पंचवीस टक्के वाढीचा गुणक, दिडकी पन्नास टक्क्यांचा, पाऊणकी पंचवीस टक्के घटीचा. पेरणीला सवाईने किंवा दिढीने धान्य घेणाऱ्याला सुगीत किती पोती द्यायची हे कागदाशिवाय कळत असे, आणि दिढीचे धान्य एका हंगामात फिटले नाही तर ते सव्वादोन पटीवर जाते हेही कळत असे. बेरजेने ते दुप्पट झाले असते. पण त्या माणसाने वाढीला वाढ जोडली नव्हती, दीडपटीची दीडपट केली होती. त्या व्यवहारात पिळवणूक होती, त्याचे गोडवे मी गात नाही. अपूर्णांकांचे पाढे घोकण्याकडे परत जावे असेही म्हणत नाही. पण गुणकाने विचार करणे ग्रामीण मुलाच्या आवाक्याबाहेरचे आहे, हा समज त्या पाढ्यांपुढे टिकत नाही. त्याहून मागे जायचे तर भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत त्रैराशिकाला केवढे मानाचे स्थान आहे ते पाहावे. विष्णूने विश्व व्यापावे तसे बहुतेक सारे गणित त्रैराशिकाने व्यापले आहे, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आहे. व्यस्त त्रैराशिक कुठे लावायचे तेही त्यांनी व्यवहारातूनच सांगितले: सोन्याचा कस आणि वजन, जनावराचे वय आणि किंमत. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याची आणि त्याला १२०७ साली दान मिळाल्याची नोंद आहे. प्रमाणाचा विचार मध्यभागी ठेवून गणित शिकवण्याची वाट या मुलखात आठशे वर्षांपूर्वी चालू होती.

आता ज्या हिशेबासाठी मी हा विषय निवडला, त्याकडे येतो: पीकविमा. पंतप्रधान पीक विमा योजनेत भरपाईचे सूत्र असे आहे. महसूल मंडळातल्या पीककापणी प्रयोगांवरून त्या वर्षीचे सरासरी उत्पन्न काढतात. दुसऱ्या बाजूला मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराने गुणतात. त्याला उंबरठा उत्पन्न म्हणतात. महाराष्ट्रात हा जोखीमस्तर सत्तर टक्के आहे. प्रत्यक्ष उत्पन्न उंबरठ्याच्या खाली गेले तरच भरपाई, आणि ती किती? उंबरठ्यातून प्रत्यक्ष उत्पन्न वजा करायचे, उंबरठ्यानेच भागायचे, आणि येणाऱ्या गुणकाने विमा संरक्षित रकमेला गुणायचे. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई प्रामुख्याने या उत्पन्नाच्या हिशेबावरच ठेवलेली आहे, म्हणून हे सूत्र घराघरात कळणे आता आणखी गरजेचे झाले आहे. समजा मंडळाची सरासरी एकरी दहा क्विंटल. उंबरठा सात. यंदा आले पाच. शेतकरी म्हणतो, अर्धे पीक गेले, पन्नास टक्के नुकसान झाले. तो खरे बोलतो. त्याचा पाया दहा आहे. विम्याच्या कागदावर घट आहे सातामध्ये दोनाची, म्हणजे २८.५७ टक्के, तेही खरे आहे, त्याचा पाया सात आहे. तीस हजारांच्या संरक्षित रकमेवर त्याला पंधरा हजारांची अपेक्षा असते आणि हातात ८५७१ रुपये पडतात. पीक पंचवीस टक्क्यांनी घटले, साडेसात क्विंटल आले, तर भरपाई शून्य.

आता यात पैसेवारी, म्हणजे महसूल खात्याचा पिकाचा अंदाज, मिसळा. पैसेवारी पन्नासच्या आत म्हणजे टंचाई, हे प्रत्येक गावात पाठ आहे. तिचा पाया आणखी निराळा, ते पिकाचे ठरवलेले प्रमाण उत्पन्न. म्हणजे एकाच गावच्या एकाच हंगामाबद्दल तीन टक्के फिरत असतात: शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरच्या चांगल्या वर्षाच्या तुलनेतला, महसूल खात्याच्या पैसेवारीतला आणि विम्याच्या उंबरठ्यावरचा. तिघे जण तीन पायांवर उभे राहून एकमेकांना खोटे ठरवतात. प्रत्यक्ष गैरव्यवहार झाला असेल तिथे त्याची चौकशी व्हावी, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्या वादात पायाच वेगळे आहेत तो वाद आरडाओरड्याने सुटत नाही, आणि गैरव्यवहार पकडायचा तर आधी बरोबर आकडा किती यायला हवा होता हे मांडता आले पाहिजे.

आक्षेप पुष्कळ निघतील. पहिला असा की आठवी-नववीतल्या कितीतरी मुलांना साधा भागाकार अडतो. त्यांना दशांशाचे गुणक कुठून येणार? ही अडचण खरी आहे. पण प्रचलित रीत सोपी आहे असे कोण म्हणते? तिच्यात गुणा, शंभराने भागा, मग मिळवा किंवा वजा करा, अशा तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर पाय घसरतो. गुणकाच्या रीतीत एकच गुणाकार आहे. दशांश जड जात असतील तर अपूर्णांक घ्या: पंचवीस टक्के वाढ म्हणजे पाच भागिले चार, वीस टक्के घट म्हणजे चार भागिले पाच. दोन्ही गुणून एक येतो, म्हणून पंचवीस टक्के वाढलेला भाव मूळ पदावर यायला वीस टक्केच उतरावा लागतो, हे मुलाला न सांगता दिसते. दुसरा आक्षेप परीक्षेचा. वीस टक्के सूट देऊन त्यावर आणखी दहा टक्के सूट, हे उदाहरण गुणकाने ०.८० गुणिले ०.९० बरोबर ०.७२ असे एका ओळीत सुटते. परीक्षेच्या बाजूने पाहिले तरी यात तोटा नाही. तिसरा आक्षेप जरा सूक्ष्म आहे. लहान टक्के असतील तर बेरीज चालते की. दोन आणि तीन मिळून पाच म्हटले तर बिघडले कुठे, खरे उत्तर ५.०६ आहे. बरोबर, चालते. पण का चालते? जो जास्तीचा तुकडा असतो तो दोन टक्क्यांचे तीन टक्के एवढाच असतो, म्हणून. वीस आणि तीस असतील तर तोच तुकडा सहाचा होतो आणि पन्नासाचे छप्पन होतात. बेरीज कधी भागवून नेते आणि कधी दगा देते हे ज्याला गुणाकार कळला त्यालाच सांगता येते.

आणखी एक आक्षेप मी मनापासून गंभीर मानतो. लोक म्हणतात, घरात टक्के येत नाहीत, रुपये येतात. टक्केवारी हे मोठ्या माणसांचे लहान माणसाला गप्प करण्याचे साधन आहे. ज्याच्याकडे विकायला पाच क्विंटल सोयाबीन आहे त्याला ८.९१ टक्क्यांतून २१८० रुपये मिळतात, आणि ज्याच्याकडे पन्नास क्विंटल आहे त्याला २१,८००. टक्का दोघांचा एकच. हे खरे आहे, आणि म्हणूनच टक्का ऐकला की रुपये विचारावेत आणि रुपये ऐकले की टक्का विचारावा, ही सवय वर्गात लागली पाहिजे. पण टक्के टाकूनच द्यावेत हे मला मान्य नाही. खताचा, बियाण्याचा आणि मजुरीचा गुणक एका बाजूला आणि हमीभावाचा गुणक दुसऱ्या बाजूला ठेवल्याशिवाय शेती पुढे चालली की मागे, हे रुपयांच्या नुसत्या फरकातून कळत नाही. ज्या साधनाने आपल्याला गप्प केले जाते ते साधन आपल्या हातात येणे हाच त्यावरचा इलाज आहे.

शेवटचा आक्षेप विम्याविषयी. मुलांना सूत्र कळले म्हणून भरपाई वाढणार आहे का? सूत्र समजल्याने रक्कम वाढत नाही, हे उघड आहे. पण मागणी नेमकी करता येते. योजनेच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत जोखीमस्तर सत्तर, ऐंशी किंवा नव्वद टक्के ठेवण्याची सोय आहे; निवड राज्याची असते. दहाची सरासरी आणि पाचचे उत्पन्न हेच उदाहरण धरा. सत्तरच्या स्तरावर घट सातात दोन, २८.५७ टक्के. ऐंशीवर आठात तीन, ३७.५० टक्के. नव्वदवर नवात चार, ४४.४४ टक्के. तीस हजारांच्या संरक्षित रकमेवर हे ८५७१, ११,२५० आणि १३,३३३ रुपये होतात, आणि साडेसात क्विंटल आलेल्या वर्षी सत्तरवर शून्य असलेली भरपाई नव्वदवर पाच हजार होते. स्तर वाढला की एकूण विमा दरही वाढेल. शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाच्या धान्य-गळितासाठी दोन आणि कापसासाठी पाच टक्क्यांवर बांधलेला असल्याने ते जादा ओझे सरकारी तिजोरीवर पडेल, आणि ते किती पडावे हा राजकीय प्रश्न आहे. त्याबद्दल मतभेद होऊ शकतात. पण ‘विमा मिळत नाही’ या तक्रारीऐवजी ‘जोखीमस्तर सत्तरवरून नव्वद करा, त्याने आमच्या मंडळात एवढा फरक पडतो’ असा ठराव ग्रामसभेला करता येईल, आणि त्याला जोडायचा तक्ता नववीच्या मुलामुलींना आपल्या मंडळाचे आकडे घेऊन फळ्यावर एका तासात मांडता येईल.